स्लॅशर घ्यावा की मल्चर? आधी रान पायाखाली घाला

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. थोडे आटोपते करून देतो.

"बाबांना जाऊन सात वर्षे झाली. वाळपईपासून थोड्या अंतरावर आमची सुमारे १५,००० चौरस मीटर जमीन आहे. वरचा अर्धा भाग सपाट, सड्यासारखा. खालचा अर्धा उताराचा, थेट ओहोळापर्यंत. काजूची साठेक जुनी झाडे आहेत. सात वर्षांत तिथे कोणी कोयता घेऊन गेले नाही. रानमोडी आणि घाणेरी डोक्याच्या वर गेली आहे, गवत छातीला लागते, मधे मधे करवंदीच्या जाळ्या आहेत. भाच्याकडे २८ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर आहे. विक्रेता म्हणतो, रोटरी स्लॅशर घ्या, दगडधोंड्यांत तोच टिकतो. यजमानांचे मित्र म्हणतात, फ्लेल मोवर घ्या, म्हणजे मल्चर, तो सगळ्याचा भुगा करतो. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत मैदान करून देतो. आई ७२ वर्षांची आहे. तिचे या कशाकडेच लक्ष नाही. ती एकच विचारते, यंदा मला बोंडू, काजूची फळे, वेचायला जाता येईल का? आम्ही काय घ्यावे?"

ताई, उत्तर आधी देतो, कारणे मागून. यंदा काहीही विकत घेऊ नका. वरच्या सपाट भागासाठी चालकासकट स्लॅशर भाड्याने आणा. उतारावर ट्रॅक्टर नेऊ नका, तिथे माणसे आणि खांद्याला अडकवून चालवायचा ग्रासकटर. जेसीबीवाल्याला नाही म्हणा. जमीन एकदा उघडी झाली, पोटात काय आहे ते कळले, की पुढच्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, स्वतःसाठी लहान मल्चर घ्यायचा विचार करा. विक्रेता आणि तुमच्या यजमानांचे मित्र, दोघेही खरेच सांगताहेत. एक पहिल्या वर्षाचे बोलतो आहे, दुसरा पुढच्या दहा वर्षांचे.

एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण दुकानात हटकून होतो. आपल्याकडे नुसते "रोटरी" म्हटले की बहुतेक जण रोटाव्हेटर समजतात. रोटाव्हेटर माती फिरवतो. तुमच्या जमिनीवर त्याचे काहीच काम नाही. मुळांत आणि चिऱ्यांत त्याची पाती वाकतील, आणि माती सुटी झाली की पहिल्या पावसात ती ओहोळात जाईल. तुम्हाला हवा तो रोटरी मोवर, त्याला आपले लोक स्लॅशर म्हणतात. तसेच फ्लेल मोवर म्हणून विचारलेत तर कधी कधी दुकानदार बघत राहतो. मल्चर म्हटले की कळते. घाटावर उसाचे पाचट कुटायला जे यंत्र फिरते ते याच घरातले.

आता दोन्ही यंत्रे आतून कशी आहेत ते सांगतो, कारण एवढे कळले की निम्मा निर्णय तुमचा तुम्हीच घ्याल.

स्लॅशर म्हणजे जाड पत्र्याचे उपडे ताट. वर गिअरबॉक्स, त्याला ट्रॅक्टरच्या पीटीओचा दांडा. पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणारा ट्रॅक्टरचा मागचा जोड. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो, गिअरबॉक्स ते वाढवतो. खाली एक जड तबकडी किंवा आडवी पट्टी फिरते आणि तिच्या टोकांना दोन, कधी तीन, पाती नुसत्या बोल्टवर लोंबकळत असतात. फिरताना ती सरळ ताठ होतात. खोडाला किंवा दगडाला आपटली की मागे दुमडतात आणि पुन्हा बाहेर येतात. चांगल्या स्लॅशरमध्ये मधली तबकडी बशीसारखी असते. बुंधा मधेच आला तर यंत्र त्याच्यावरून घसरून जाते, गिअरबॉक्सच्या दांड्याला धक्का बसत नाही. अनोळखी रानात स्लॅशर टिकतो तो यामुळे. भाग थोडे, पाती दोन-तीनच, आणि तीही इतकी जाड की बोथट झाली तरी मारून तोडतात. हलका स्लॅशर अंगठ्याएवढी काटकी घेतो, दणकट असेल तर दोन इंची खोडही.

पण त्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोमीटर असतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या लोखंडाला चिऱ्याचा तुकडा लागला की तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. स्लॅशर दगड आडवा फेकतो, जमिनीला समांतर. तीच गोष्ट त्याला घराजवळ, रस्त्याजवळ, माणसांजवळ नालायक ठरवते.

मल्चरमध्ये आडवा दंडगोल असतो, रोटर, ट्रॅक्टरच्या रुंदीला समांतर. त्यावर ओळीने पंचवीस-तीस ते चाळीस-पन्नास लहान पाती किंवा हातोडे अडकवलेले. रोटर मिनिटाला साधारण १,८०० ते २,२०० फेरे घेतो, पण त्रिज्या लहान असल्यामुळे टोकाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच. जे कापले ते वरच्या झाकणात गोल फिरते, पुन्हा पात्यांवर येते, आणि भुगा होऊन मागे जमिनीवर पसरते. मागे रूळ असतो, त्याच्यावर यंत्राची उंची ठरते. दगड लागला तर तो झाकणाच्या आतच आदळतो किंवा खाली आपटतो. बाहेर फार लांब जात नाही. पुढची साखळ्यांची किंवा पत्र्यांची झालर मात्र शाबूत हवी. ती तुटकी असेल तर पुढे, म्हणजे चालकाच्या पाठीकडेच, तुकडे येतात.

मल्चरला ताकद जास्त लागते. ढोबळ हिशेब असा की स्लॅशरच्या दर फूट रुंदीला पाच हॉर्सपॉवर, आणि दाट रानात मल्चरच्या दर फुटाला सहा-सात. भाच्याच्या ट्रॅक्टरचे २८ हॉर्सपॉवर हे इंजिनाचे. पीटीओपर्यंत त्यातले चोवीसेक पोचतात. म्हणजे तुमच्या रानात चार फुटांहून रुंद मल्चर तो ओढणार नाही. पाच फुटी देऊ केला तर घेऊ नका, चढाला इंजिन दम टाकेल. मागच्या दोन चाकांची बाहेर-बाहेरची रुंदी मात्र मोजून ठेवा. यंत्र त्याहून अरुंद असेल तर चाकाखाली दबलेले गवत तसेच राहते आणि आठवड्याने उभे होते.

हे सगळे कोणताही विक्रेता तुम्हाला सांगेल. माझ्या मते निर्णय मात्र गवतावर ठरत नाही, गवताच्या खाली काय पडले आहे त्यावर ठरतो, आणि आजूबाजूला कोण उभे आहे त्यावर.

बारा-तेरा वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यात एका मित्राच्या जमिनीवर आम्ही स्लॅशर लावला होता. गवत कमरेएवढे, वरून सगळे हिरवे आणि मऊ. शेजारचा एक मुलगा चहाची किटली घेऊन आला. मीच त्याला म्हटले, इथे रस्त्यावर उभा राहा, आत येऊ नकोस. चाळीस पावले तरी लांब होता तो. एकदम कडकन आवाज झाला आणि त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या स्कूटरचा दिवा फुटला. मुठीएवढा चिऱ्याचा तुकडा. त्याच्यापासून हातभर अंतरावर. किटली हातातच होती, मुलगा पांढराफटक. मी त्याला सुरक्षित म्हणून उभा केलेली जागा ती. तेव्हापासून स्लॅशर चालू असताना शंभर मीटरच्या आत मी चालकाशिवाय कोणाला ठेवत नाही. गुरे नाहीत, कुत्रा नाही, बघे नाहीत. तुमच्या जमिनीच्या एका अंगाला पायवाट किंवा वस्ती असेल तर त्या बाजूचा वीस-पंचवीस मीटरचा पट्टा स्लॅशरने मारूच नका, तो हाताने काढा.

दुसरी गोष्ट तारेची. सात वर्षे पडून असलेल्या जमिनीत काटेरी तार असतेच. कुंपणाचे खांब कुजून पडले, तार गवतात झोपली, वरून वेली गेल्या. स्लॅशरच्या पात्यात ती आली तर चाबकासारखी फिरते. मल्चरमध्ये आली तर रोटरला गुंडाळते आणि बेअरिंगच्या सीलपर्यंत जाते. मी एकदा पक्कड आणि छिन्नी घेऊन सकाळची दुपार केली आहे ती तार सोडवायला, यंत्राखाली उताणा पडून. प्लास्टिकच्या दोऱ्या, जुनी पाण्याची नळी, ताडपत्रीचे तुकडे, सगळे तसेच गुंडाळते. वेलींचेही तेच, खाजकुयली तर अंगालाही सोडत नाही.

म्हणून यंत्र ठरवायच्या आधी रान पायाखाली घाला. चवथ झाली, आता पावसाचा जोर उतरतो आहे. एक उघडीप बघून दोघा-तिघांनी जा. गमबूट, जाड पँट, हातात लांब काठी, आणि जुन्या लुगड्याच्या किंवा लाल कापडाच्या चिंध्या. दहा-दहा पावलांच्या पट्ट्यांनी फिरा. काठी आधी, पाय नंतर. आपल्या कातळावर फुरसे असते. ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, घोणस निदान फुत्कारते तरी. दगडांचा ढीग, पडलेला गडगा, बुंधा, तार, वारुळ, विजेच्या खांबाचा तणावा, जे जे सापडेल तिथे उंच काठी रोवून चिंधी बांधा.

आणि खड्डे. हे मी सगळ्यात ठासून सांगतो. मल्चर असो की स्लॅशर, यंत्र ट्रॅक्टरच्या मागे असते. म्हणजे न कापलेल्या रानात आधी ट्रॅक्टरची पुढची चाके आणि तुमचा भाचा जातो. खाली काय आहे ते यंत्राला कळायच्या आधी त्याला कळते. आपल्या भागात घर बांधायला चिरे काढून तसेच सोडलेले खड्डे ठिकठिकाणी आहेत, कठडा नसलेल्या जुन्या विहिरी आहेत. बाबांच्या वेळी तुमच्याकडे काजू वेचायला किंवा बेणणीला, म्हणजे रान साफ करायला, कोण येत होते ते आठवा. त्यांच्यातले कोणी हयात असेल तर त्यांना मानाने बोलावून घ्या आणि बरोबर फिरवा. आईलाही विचारा, पाणी कुठून आणायचात. मोजणीच्या नकाशात विहीर असते, चिऱ्याचा खड्डा नसतो. फिरताना हद्दीचे दगडही बघून ठेवा आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्याबरोबरचा नकाशा खिशात असू द्या. साफसफाईच्या भरात गडगा हलला की पुढची दहा वर्षे शेजाऱ्याशी बोलणे बंद होते.

रान फिरून झाले, की सपाट भागावर स्लॅशर. पहिला हात उंच, जमिनीपासून वीतभर वर. पहिल्याच गिअरमध्ये, हळू. हा हात कापायचा कमी आणि बघायचा जास्त. एवढे कापले की दगड आणि बुंधे दिसू लागतात. मग थांबा. दोन दिवस माणसे लावून दगड उचला, गडग्याला लावा, करवंदीच्या जाळ्या हाताने काढा. तोडताना खुंट तिरपा ठेवू नका. तिरपा खुंट म्हणजे भाला, ट्रॅक्टरच्या टायरमध्येही जातो आणि गमबुटाच्या तळव्यातही. करवतीने जमिनीलगत सपाट कापा. मग स्लॅशरचा दुसरा हात, चार बोटे उंचीवर.

हे पहिले काम मी भाड्याने करायला सांगतो ते याचसाठी. पहिल्या वर्षीचे रान यंत्र खाते. नवा कोरा मल्चर तुम्ही त्यात घातलात तर महिन्याभरात त्याची निम्मी पाती तुटलेली असतील आणि तुम्ही म्हणाल की मल्चर वाईट. आणि चालक अनुभवी मागा. भाचा हौशी असेल, हुशारही असेल, पण हे रान शिकायचे नव्हे.

भाच्याचाच ट्रॅक्टर वापरायचा झाला तर एक गोष्ट तपासा. स्लॅशरची तबकडी जड असते, एकदा फिरू लागली की थांबायला वेळ घेते. लहान ट्रॅक्टरला बरेचदा चाकांना आणि पीटीओला मिळून एकच क्लच असतो. तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटते, पण फिरणारी तबकडी उलट पीटीओमार्फत चाकांनाच ढकलत राहते. ब्रेक मारूनही ट्रॅक्टर चार-पाच हात पुढे जातो. समोर खड्डा असेल तर एवढे पुरते. यावर ओव्हररनिंग क्लच नावाचा छोटा जोड मिळतो, पीटीओच्या दांड्यावर बसतो. तो असल्याशिवाय स्लॅशर जोडू नका.

उतारावर ट्रॅक्टर का नको, तेही सांगतो. एक सरळ चार मीटरचा बांबू घ्या. एक टोक उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, बांबू आडवा समतल धरा. मधे अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवलीत तर समतल कळते. खालच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. एक मीटर भरले तर उतार चौदा-पंधरा अंशांचा झाला. त्याहून जास्त उतारावर मी लहान ट्रॅक्टर नेणार नाही, आणि त्याच्या आतही आडवा नेणार नाही, फक्त वर-खाली. सुटे दगड आणि ओले गवत असेल तर तेवढाही नाही. तुम्ही "ओहोळापर्यंत" लिहिलेत, म्हणजे शेवटचा भाग नक्कीच याहून उभा असणार.

तिथे ग्रासकटर. रानमोडीसाठी तीन दातांचे लोखंडी पाते, घाणेरीच्या जाड खोडांना करवतीसारखे गोल पाते. नायलॉनची दोरी फक्त गवताला. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर जाळीचा मुखवटा, नडगीला गार्ड, आणि पंधरा मीटरच्या आत दुसरे कोणी नाही. उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करून आडवे आडवे वर या, म्हणजे कापलेले खाली पडते आणि पायात येत नाही. आणि सगळे एकदम उघडे करू नका. दर आठ-दहा मीटरवर एक आडवा पट्टा तसाच ठेवा, ओहोळाकाठचे तर अजिबात हात लावू नका. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सत्तरीचे तर तुम्हीच जाणता. उघड्या उतारावरची माती तो एका मृगात धुऊन नेतो.

जेसीबीलाही मी याच कारणासाठी नाही म्हणतो. जेसीबी रान कापत नाही, खरवडतो. आपल्या जांभ्यावर माती असते किती? कुठे फूटभर, कुठे वीतभर, कुठे नुसता पाला कुजून झालेली काळी साय. काजूची अन्न घेणारी मुळे त्याच थरात पसरलेली असतात. जेसीबीने ती एकदा ओरबाडली की तुमच्या साठ झाडांपैकी किती पुढच्या वर्षी मोहोरतील ते सांगता येणार नाही. शिवाय कायद्याचे आहे. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली डोंगरउतार परवानगीशिवाय कापता येत नाही. झाड तोडायचे तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. जेसीबीवाला दोन दिवसांनी निघून जाईल, नोटीस तुमच्या नावाने येईल. रानात आपोआप आलेली किंजळ, कुंभा, जांभूळ असतील तर ती राहू द्या. सावलीत रानमोडी जोर धरत नाही, ती उजेडाची लोभी आहे.

आणि कोणी आग लावू म्हटले तर त्याला जमिनीत पाऊलसुद्धा टाकू देऊ नका. मार्च २०२३ तुम्ही वाळपईच्या जवळून पाहिला आहे. म्हादई अभयारण्यातले डोंगर दिवसेंदिवस जळत होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत फिरत होती. काजूच्या बागायतीत पाला पेटवायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि कोरड्या वाऱ्यात ती आग कोणाच्या हद्दीत थांबत नाही. स्लॅशरचा एक तोटा इथेही दिसतो. तो कांड्या लांब ठेवतो, एका बाजूला ओळीने ढीग पडतात, आणि असा वाळलेला ढीग दिसला की कोणाच्या तरी हाताला काडी ओढाविशी वाटते. मल्चरचा भुगा जमिनीला चिकटून बसतो, दवाने दमट राहतो आणि पुढच्या पावसात कुजून माती होतो. स्लॅशरने पडलेले ढीग त्यामुळे आठवड्याच्या आत पसरा, किंवा काजूच्या बुंध्यापासून हातभर सोडून आळ्यात घाला.

वेळेचे म्हणाल तर दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढे पंधरवडा, एवढाच काळ खरा. तेव्हा जमीन चाकाला आवळलेली असते, गवत अजून ओलसर असते. फेब्रुवारीत पाते चिऱ्याला घासले की ठिणगी उडते, आणि वाळलेल्या रानात एक ठिणगी बास होते. दुसरे, रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि मग तिचे म्हातारीच्या केसांसारखे बी वाऱ्यावर सुटते. फुलायच्या आधी कापलीत तर एका वर्षाचे बी वाचले. बी सुटल्यावर मल्चर फिरवलात तर तुम्ही स्वतःच पेरणी केलीत.

रानमोडी आणि घाणेरी एका कापणीत मरत नाहीत, कोणतेही यंत्र असो. उलट बुंध्यातून चार फांद्यांच्या जागी दहा येतात. पहिल्या पावसानंतर माती मऊ असताना कुदळीने गड्डे काढायचे, जेवढे होतील तेवढे, आणि श्रावणाच्या आसपास फूट कोवळी असताना पुन्हा कापायचे. सपाट भागावर तीन वर्षे असे केलेत की गवत जिंकते. पुढे वर्षाला दोनदा मल्चर फिरवला की काम संपले. मल्चरचे खरे दिवस तेव्हा येतात. कोवळी फूट, बोटाएवढ्या काटक्या, दगड उचललेले, खड्डे माहीत असलेले. तिथे तो स्लॅशरपेक्षा कितीतरी सुंदर काम करतो, काजूच्या फांद्यांखाली जवळ जातो, आणि मागून माणूस बिनधास्त चालू शकतो असे नाही, पण स्कूटरचे दिवे तरी फुटत नाहीत.

तो घ्यायची वेळ येईल तेव्हा पात्यांऐवजी हातोडे असलेला घ्या. वाय आकाराची पातळ पाती गवत छान कापतात, पण चिऱ्याने त्यांच्या कडा दाते पडल्यासारख्या होतात. हातोडा बोथट असतो, मारून फोडतो, ताकद थोडी जास्त घेतो आणि आपल्या जमिनीत टिकतो. घेण्याआधी दुकानात रोटर हाताने फिरवून बघा: प्रत्येक हातोडा आपल्या बोल्टवर मोकळा झुलला पाहिजे. रोटर फिरवणाऱ्या पट्ट्यांचे (बेल्टचे) झाकण उघडायला लावा. रोटरच्या दोन्ही टोकांची ग्रीसची तोंडे सहज हाताला येतात का ते पाहा. येत नसतील तर भाचा ग्रीस मारणार नाही, आणि बेअरिंग दोन मोसमांत जाईल.

चालवताना सीटखाली नवीन थरथर जाणवली की तिथेच बंद करा. एक हातोडा गेलेला असतो. रोटर दोन हजार फेऱ्यांनी फिरतो, त्यात एका बाजूचे थोडे वजन कमी झाले तरी तो बेअरिंगला दर फेरीला ठोसा मारतो. इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात, रोटर पूर्ण थांबलेला, यंत्राखाली लाकडी ठोकळे, नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नाही. मग खाली बघा. तुटलेल्या हातोड्याच्या बरोबर समोरचाही बदला, जुन्याच्या समोर नवा बसवला तर तोल पुन्हा गेला. स्लॅशरलाही तेच, पाती जोडीनेच बदलायची.

स्लॅशरच्या दांड्यावर एक शिअर बोल्ट असतो. यंत्र अडकले तर तो मुद्दाम तुटावा म्हणून मऊ लोखंडाचा ठेवलेला असतो. दोनदा तुटला की गॅरेजवाला प्रेमाने म्हणतो, थांबा, पक्का बोल्ट घालून देतो. घालू देऊ नका. पुढच्या वेळी बोल्ट तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल. मूळ मापाचे आणि मूळ जातीचे चार बोल्ट डब्यात ठेवा.

पैशांबाबत: शेती यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अशा यंत्रांना अनुदान मिळू शकते. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा आणि खरेदीच्या आधी विचारा, पावती फाडल्यावर नव्हे. पुष्कळ जण उलटे करतात आणि हात हलवत परत येतात.

आता आईंचे. येत्या मार्चमध्ये त्यांना बोंडू वेचायला जाता येईल, पण फक्त वरच्या भागात. तिथली झाडे दिवाळीपर्यंत मोकळी झाली तर पाला-कांड्या जानेवारीपर्यंत बसतील, आणि बी पडलेले डोळ्यांना दिसेल. खालच्या उताराचे बोंडू यंदा तरण्या माणसांनी वेचावेत. आईंसाठी झाडाझाडांतून एक हातभर रुंदीची वाट अगदी जमिनीपर्यंत साफ करून घ्या, कापलेले खुंटसुद्धा काढून.

आणि एक सत्तरीचे म्हणून वेगळे सांगतो. २०१५ मध्ये पाली गावापासून आपल्याकडे माकडताप आला. तो गोचिडींमधून येतो, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत त्या वाळक्या पाल्यात असतात. पाला तुडवणाऱ्या प्रत्येकाने, साफसफाईच्या माणसांनीही, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या हातापायांना गोचीड न चावण्याचे तेल लावावे, पँट मोज्यांत खोचावी. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंघोळ, आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघणे. आईंचे तुम्ही बघा, त्यांना स्वतःला दिसणार नाही. रानात जाऊन आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि काजूत गेले होते हे आपण होऊन सांगा. जवळपास मेलेले माकड दिसले तर त्या बाजूला कोणालाच पाठवू नका आणि आधी आरोग्य केंद्राला कळवा.

रान फिरून झाले की चिंध्या कुठे कुठे बांधल्या त्याचा हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि बांबूचे माप मला पाठवा. स्लॅशर कुठल्या कोपऱ्यातून आत न्यायचा ते त्यावरून सांगतो.